बिरूतात्यांचा नंबर आणि माझा खोकला

बिरूतात्या आमच्या घरी आले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात, मग बसतात. त्यासाठी कॅलेंडर वाकडंच असायला पाहिजे असं काही नाही. सरळ असलं तरी ते दोन बोटांनी त्याला जरासं हलवतात, मागं सरकतात, एक डोळा मिटून बघतात, पुन्हा होतं तिथंच आणून ठेवतात आणि म्हणतात, "हां. आता बसलं." मग खुर्ची पुसतात. मी पुसलेली खुर्ची, बरं का! आणि बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"बोलू नये, पन बोलतो."

एवढं ऐकलं की शेळगावात माणसं अंग चोरून घेतात. एका लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि मांडवातून तात्यांचा आवाज आला, "बोलू नये, पन बोलतो. अंतरपाट डाव्या अंगाला उतरलाय." भटजी थांबले, अंतरपाट वर झाला, मगच लग्न लागलं. एकदा कुणाच्या तरी मयतीला गेले आणि तिरडीची सुतळी सोडून पुन्हा बांधली. तात्यांनी चूक काढूनही ज्याला राग आला नाही, असा गावात तो एकच माणूस.

मी शेळगावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमच्या घरचे, म्हणजे यजमान, भिगवण स्टेशनात नोकरीला. आमच्या भिंतीला लागून गावची दूध संस्था आणि तात्या तिचे सेक्रेटरी. त्यामुळं सकाळ-संध्याकाळ, सणासुदीला, आजारपणात मला तात्या आहेतच. दुधाच्या रांगेत किटल्यांच्या कड्या एका अंगाला असल्याशिवाय ते माप हातात घेत नाहीत. "दूध कुठं पळून चाललंय," म्हणतात, "आधी कडी फिरवा."

त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. वडील कळप घेऊन घाट उतरायचे, तात्याही लहानपणी त्या कळपामागं चालले. पुढं शिकले आणि दूध संस्थेत चिकटले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक रखमा, चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेली, ती बारामतीच्या पलीकडं कऱ्हाटीला दिली. आणि रखमा माहेरी येत नव्हती. का येत नव्हती ते सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तात्यांना.

शेवटची आली ती नागपंचमीला, कडेवर तान्हं पोर घेऊन. एस.टी.तून तिचा पाय खाली टेकतोय न टेकतोय तोच, "बोलू नये, पन बोलतो. पोराची मान अशी धरत्यात व्हय?" मग टोपडं उलटं निघालं. मग दुपटं पातळ निघालं. संध्याकाळी तिनं केलेल्या भाकरीची कड करपलेली निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बाई, तात्यांच्या म्होरं पानी पेलं तरी चुकल्यागत हुतंय वो." पंचमीचा फेर धरायच्या आत ती परतीच्या गाडीत बसली. तात्या गावभर सांगत फिरले, "तिच्या घरी कामं लई हायेत." त्यानंतर पंचम्या आल्या आणि गेल्या, तिच्या घरची कामं काही संपली नाहीत.

अशातच दूध संघानं सगळ्या सेक्रेटरींना व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पुण्याला धाडलं. नव्वदीचे दिवस ते, जो तो विकास करत सुटला होता. शिबिरात एका मॅडमनी फळ्यावर वर्तुळ काढलं, त्यावर नऊ ठिपके दिले आणि ठिपके रेघांनी जोडले. एनियाग्राम म्हणतात त्याला. माणसं नऊ तऱ्हेची, एकेका तऱ्हेला एकेक नंबर. आपला नंबर ओळखा, म्हणजे स्वतःला ओळखाल आणि सुधाराल. बाकीचे सेक्रेटरी तिथलं जेवण कसं होतं ते सांगत परत आले. तात्या वर्तुळ घेऊन आले.

संस्थेच्या भिंतीवर फॅटच्या दराचा तक्ता होता. त्याच्या शेजारी तात्यांनी ऑइलपेंटनं ते नऊचं चक्र काढलं. गोल मात्र सुरेख आला होता, खोटं कशाला बोलू. परात धरून काढला होता.

"दुधाला लॅक्टोमीटर हाय," ते रांगेला उद्देशून म्हणाले, "मानसाला काय हाय?" मग त्यांनी पेंटचा ब्रश चक्राकडं केला. "ह्ये हाय."

आणि लागले की नंबर वाटायला! सर्जेराव आवाज चढवून बोलले की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागतात. त्यांना आठ, म्हणजे दांडगा. इंदूबाई कुणाचंही पोर आजारी पडलं की आपलं जेवण टाकून धावते. तिला दोन, म्हणजे मदतीची हौस. किसन नवा शर्ट घातला की गावाला एक फेरी मारतो. त्याला तीन, म्हणजे कौतुकाचा भुकेला. मला दिले सहा.

"सहा म्हंजी शंकेखोर, बाई. तुमी कुलूप लावून परत वढून बगता."

"कोण म्हणतं?" मी म्हटलं.

"ही बगा. हीच ती शंका."

इथवर ठीक होतं. पण गाव दुधावर जगणारं. संस्थेच्या भिंतीवर आकडा दिसला की लोकांना एकच गोष्ट सुचते, फॅट. जेवढा आकडा मोठा तेवढा माल कसदार. दुसऱ्याच दिवशी किसन किटली आपटून उभा राहिला. "माझ्या म्हशीला सात लागतंय, आन मला तीन? मी काय गाईचं दूध हाय व्हय?" इंदूबाईचा नवरा तर भांडायलाच आला, "आमच्या बायकूत पानी घातलंय म्हनायचं हाय का तुमाला?" तात्यांनी परोपरीनं सांगितलं की बाबांनो, हा नंबर म्हणजे दर नव्हे, ही नुसती तऱ्हा आहे. ऐकतंय कोण! किसन आठवडाभर मिशीला पीळ देऊन, मोठमोठ्यानं बोलत रांगेत यायला लागला, का तर आपला नंबर आठावर जावा. पण दोन आठ एका रांगेत कसे मावणार? सर्जेरावांनी त्याला किटलीसकट बाहेर उचलून ठेवला. तेव्हा तो पुन्हा तीनवर आला.

"आन सेक्रेटरी, तुमचा नंबर काय?" कुणीतरी विचारलं.

तात्या गालात हसले. "आपन नऊ. शांत. आपलं कुनाशी काय वाकडं न्हाय."

रांगेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. सर्जेराव एवढे दांडगे, पण तेही किटलीत बघून हसले. आणि तेवढ्यात तात्या म्हणाले, "बोलू नये, पन बोलतो. हसताना किटली हिंदकळतीया."

वैशाख पौर्णिमेला आमच्या घरी खीर असते. सकाळी बुद्धवंदना झाली की खिरीची पहिली वाटी तात्यांची, दर वर्षीचा पायंडाच आहे तो. त्या वर्षीही आले. कॅलेंडर बसवलं, खुर्ची पुसली, बसले. अर्धी वाटी झाली आणि चमचा थांबला.

"बोलू नये, पन बोलतो. खीर झ्याक हाय, पन वेलदोडा अंमळ म्होरं पळतोय. आन दूध आटताना तुमी हलवलं न्हाय. कुनाशी तरी बोलत बसला आसनार."

झालं! माझं डोकं सटकलं. पहाटेपासून मी स्टोव्हपुढं उभी, हात दुखून आलेला. मी म्हटलं, "तात्या, कसले हो तुम्ही नऊ? तुम्ही एक आहात, एक! चुका काढणारा एक नंबर! तुमच्याच चक्रावर तुम्हीच रंगवलाय तो. गावातल्या पोरासोराला कळतंय, तुम्हाला तेवढं कळत नाही."

तात्यांनी वाटी मांडीवर ठेवली.

"एक?" ते म्हणाले. "एक म्हंजी पानीच की वो, बाई."

साऱ्या गावाला नंबर म्हणजे फॅट नव्हे असं पटवून दमलेला माणूस हा! मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून ते जागच्या जागी विरलं.

"मॅडम म्हनल्या व्हत्या," ते सावकाश बोलले, "आपला नंबर आपल्याला दिसत न्हाय, घरातल्या मानसाला इचारा. आता घरात कुनाला इचारू? म्हनून माझा मीच ठरवला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. आपण उगाच तोंड सोडलं असं वाटायला लागलं. तात्या मात्र भिंतीकडं बघत पाठ म्हटल्यासारखं बोलत होते. "एकाला समदीकडं चूक दिसती. आपन न्हाय बोललो तर वाटूळं हुईल, आसं त्येला वाटतं. आन ज्याच्यावर जीव, त्येला तर सोडतच न्हाय." ते थांबले. "बाई, रखमा येत न्हाय ती ह्येच्यापायी व्हय?"

खोटं बोलवेना. "होय, तात्या," मी म्हटलं.

ते वाटीतला चमचा सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मेंढरामागं असताना बाप सांगायचा, चांगली चालत्यात ती बगू नगंस, ती चालत्यातच. लंगडं कुठलं ते बग. सांच्याला मी एकेकाचा खूर उचलून बगायचो. काटा दिसला की काढायचो. न्हाय दिसला आन मेंढरू दगावलं, तर चूक आपली. तेच डोळं राह्यलं बगा मला." त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "पन रखमा लंगडत नव्हती, बाई. मी उगाच तिचा खूर उचलून बगत बसलो."

एवढं बोलून त्यांनी उरलेली खीर संपवली आणि निघून गेले. दारातून वळून "वेलदोडा बरुबर हाय," असंही म्हणाले.

मॅडमनी एक नंबरवाल्यांना उपाय दिला होता. समोर चूक दिसली की ती नुसती बघायची आणि सोडून द्यायची. तात्यांनी दुसऱ्या दिवसापासून संस्थेत तो सुरू केला. किटल्यांच्या कड्या चार दिशांना, आणि तात्या टेबलाची कड घट्ट धरून गप्प. कपाळावर घाम. गावात हाहाकार उडाला. तात्या बोलत नाहीत म्हणजे काहीतरी मोठं दुखणं आहे, अशी बातमी फुटली. इंदूबाईनं लिंबू उतरून टाकलं. सर्जेरावांनी मुद्दाम किटली उलटी ठेवून बघितली, तरी तात्या गप्प. तेव्हा तो आठ नंबरचा गडी काकुळतीला येऊन म्हणाला, "तात्या, बोला की काय तरी. आमचा जीव घाबरा झालाय."

शाळेला सुट्टी होती. एक दिवस तात्या आले, कॅलेंडरकडं न बघता बसले आणि म्हणाले, "बाई, कऱ्हाटीला जावं म्हन्तो. तुमी संगट चला."

"मी कशाला, तात्या? बाप-लेकीत माझं काय काम?"

"काम हाय. मी 'बोलू नये' म्हनलं की तुमी खोकायचं. म्हंजी मी थांबीन. माझ्या जिबंचा मला भरवसा न्हाय."

गेले मी. आमच्या घरचे हसले, म्हणाले, शिक्षिकेची नोकरी सोडून आता खोकायची नोकरी. पण मला तरी कुठं चैन पडणार होतं? बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलली. कऱ्हाटीच्या गाडीची पाटी एका बाजूला लोंबत होती. तात्यांनी तोंड उघडायच्या आत मी खोकून घेतलं. "ह्ये न्हाय चालायचं," तात्या कुरकुरले. "हितं काय रखमा हाय?" "सराव," मी म्हटलं. म्हातारा लेकीच्या दारात जाऊन पुन्हा तेच बोलला तर ही पोर आयुष्यात माहेरची पायरी चढणार नाही, हे मला दिसत होतं.

रखमानं आम्हाला दारात बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. बाप आल्याचा आनंद नंतर झाला, आधी धसका. "या, तात्या, बाई, या," म्हणाली आणि लागली की आवरायला! पदर सारखा केला, सतरंजी ताणली, चपला जोडून ठेवल्या, पोराच्या नाकाला हात लावला. शाळेत इन्स्पेक्टर आला की आमची जी गत होते ती तिची झाली.

आणि समोरच्या भिंतीवर कॅलेंडर. वाकडं! चांगलं एक बोटभर वाकडं. एवढं आवरलं पोरीनं, पण नेमकं तेच राहिलं होतं. तात्यांची दोन बोटं वर गेली. मी खोकले. बोटं तशीच डोक्याकडं गेली आणि टोपी खाजवायला लागली. मग तात्यांनी काय करावं? कॅलेंडरकडं पाठ करून बसले. जावई निवृत्ती म्हणाला, "मामा, हिकडं वाऱ्याला बसा की." "हितं बरं हाय," म्हणाले.

पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होता. मी खोकले. नातवाच्या शर्टाची बटणं एका घरानं चुकली होती. मी खोकले. चहात साय आली होती, तिथं तर दोनदा खोकले. शेवटी रखमा आत गेली आणि माझ्यासाठी आल्याचा काढा करून घेऊन आली. "बाई, लई खोकला झालाय वो तुमाला. गरम गरम प्या." काय करणार, प्याले. घशाला चटका बसला. तात्या शहाजोगासारखे म्हणाले, "बाई, तब्येतीला जपा." घ्या! ह्यांच्यापायी मी काढा पिते आणि हे मला शिकवतात.

जेवायला बसलो. रखमा चुलीपुढं भाकरी थापत होती, निवृत्ती वाढत होता. तिचं लक्ष तव्यापेक्षा तात्यांच्या ताटाकडं जास्त होतं. त्या नादात एका भाकरीची कड करपली. तिनं ती गुपचूप टोपल्याच्या तळाशी सरकवली, स्वतःसाठी. निवृत्तीला काय माहीत! त्यानं तळातूनच काढली आणि नेमकी तात्यांच्या ताटात वाढली.

रखमानं बघितलं. तिचे हात पिठात तसेच राहिले. मी घास गिळायची थांबले. तात्यांनी भाकरी उचलली, फिरवून बघितली, करपलेली कड मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. मग दुसरा घास. मग तिसरा. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले,

"बोलू नये, पन बोलतो."

मी खोकले. अशी खोकले की निवृत्ती पाण्याला धावला आणि पोर रडायला लागलं. तात्यांनी माझ्याकडं हात केला.

"बाई, आता खोकू नगा."

मग चुलीकडं वळून बोलले, "रखमा, तुजी आय आशीच भाकरी करायची. आसाच पापुद्रा सुटायचा. किती वर्सं खाल्ली, पन झ्याक झालीया म्हनून तिला कदी म्हनलो न्हाय. चांगलं हाय ते काय बोलायचं, ते हायच की, आसं वाटायचं. ती गेली आन बोलायचं राह्यलं." त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. "म्हनून तुला बोलतो. भाकरी झ्याक झालीया, पोरी."

रखमा बापाकडं बघतच राहिली. मग म्हणाली,

"तात्या, कड करपलीया तिची."

"दिसली की मला," तात्या म्हणाले. "खाल्ली."

रखमाला हसू फुटलं. पिठाच्या हातानं तोंड दाबून हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. निवृत्तीला काही उमगेना, तो नुसता वाढत सुटला. माझं म्हणाल तर मी सरळ ओक्साबोक्शी रडले. इतका वेळ छातीवर धोंडा होता, तो उतरला. खोकलाही गेला. काढ्याचा गुण म्हणायचा!

निघताना रखमा म्हणाली, "तात्या, औंदा पंचमीला येते."

"ये. भाकरी तूच कर. माझी लई वाकडी हुती," तात्या म्हणाले. इतकी वर्षं हा माणूस संध्याकाळी एकटा बसून वाकडी भाकरी खात होता, आणि तिला वाकडी म्हणायलाही घरात कुणी नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मी चपला घालत होते. मागं वळून बघते तर तात्या त्या कॅलेंडरपाशी! हात वर गेलेला. मी जीव तोडून खोकले, पण त्यांनी लक्षच दिलं नाही.

परतीच्या गाडीत मी फुगून बसले होते. बारामती जवळ आली तरी माझं तोंड तसंच. मग तात्याच म्हणाले, "बाई, त्ये क्यालेंडर लई वाकडं व्हतं न्हवं?"

"होतं. आणि शेवटी केलंतच ना सरळ?"

"न्हाय वो," तात्या म्हणाले. "तसंच ठिवलं. पानं उचलून बगत व्हतो, पंचमी कंच्या वारी येती ती."